कुलूप ओढून बघितलंस का?

कुकरच्या तीन शिट्ट्या मी माझ्याच घराच्या बंद दाराबाहेर उभी राहून मोजल्या. मग चौथी झाली. पाचवीला शेजारच्या आजींनी आपलं दार किलकिलं केलं आणि हा आवाज कसला, असं अत्यंत सभ्य जर्मनमध्ये विचारलं. "डाळ," मी म्हणाले. त्या वेळी तेवढंच सुचलं.

हॅम्बर्गमधला नोव्हेंबर. साडेचारलाच काळोख. मी ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली गेले होते. पायात सपाता, अंगात डोंबिवलीहून आणलेला गाऊन, वरून जाकीट. दोन मिनिटांचं काम म्हणून दार नुसतं लोटून घेतलं होतं. परत येईपर्यंत जिन्यातल्या वाऱ्याने ते ओढून घेतलं. किल्ली आत, फोन आत, कुकर आत. चुलीला टायमर लावायची सवय होती म्हणून इमारत वाचली.

इथल्या घरांच्या दाराला बाहेरच्या बाजूने फिरवायचा दांडा नसतो. एक गोल मूठ असते, आणि ती नुसती ओढायला. दार मिटलं की आतली जीभ खाचेत बसते आणि मग किल्लीशिवाय तुम्ही परके. लॅच डोंबिवलीतही होतं म्हणा. पण तिथे आमच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या जादा किल्ल्या एकमेकांच्या घरी खिळ्याला टांगलेल्या असायच्या. कोणाची कोणाकडे हे लहान पोरांनाही पाठ. इथे माझ्या घराची दुसरी किल्ली माझ्याच कपाटात, कुलूपबंद दाराच्या आत, एका सुंदर डबीत ठेवलेली होती.

आजींच्या फोनवरून किल्लीवाल्याला बोलावलं. तो पाऊण तासाने आला. पिशवीतून प्लॅस्टिकचा एक लवचीक पत्रा काढला, दाराच्या फटीत सारला, खांद्याने दार जरा हलवलं. उघडलं. मी मनात अंक मोजत होते, आठावर थांबले. शनिवार, संध्याकाळ, येण्याजाण्याचे, असं करत त्याने दोनशे चाळीस युरो रोख घेतले. पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू? वाटलंच. दोन दिवस जेवताना मी ते रुपयांत मोजत होते. पण त्याहून खोल काही लागलं होतं, ते त्या आठ सेकंदांचं. रोज रात्री ज्या दारामागे मी निर्धास्त झोपत होते, त्याची किंमत आठ आकडे?

मग कळलं की त्याने कुलूप उघडलंच नव्हतं. त्याला हातही लावला नव्हता. नुसतं मिटलेलं दार आणि किल्ली फिरवून कुलूप लावलेलं दार यांत जमीन-अस्मानाचा फरक. मिटलेल्या दाराला धरून ठेवते ती फक्त स्प्रिंगवरची तिरपी जीभ, आणि ती पत्र्याने मागे सरते. खरं कुलूप लावलं असतं तर प्रकरण वेगळं होतं. वेगळं म्हणजे किती वेगळं, हे शोधता शोधता रात्रीचे दोन वाजले.

*

हॅम्बर्ग हे किल्लीशिवाय कुलपं उघडायच्या नादाचं जुनं ठाणं आहे, हे मला तिथे दोन वर्षं राहूनही माहीत नव्हतं. १९९७ मध्ये इथेच कुलपं उघडणाऱ्या हौशी लोकांची एक रीतसर नोंदणी केलेली संघटना निघाली. केऑस कंप्युटर क्लब या जर्मन हॅकरांच्या संघटनेच्या गोतावळ्यातले स्टेफेन वेर्नेरी हे तिचे पहिले अध्यक्ष. नाव ‘श्पोर्ट्सफ्रॉयंडे डेअर श्पेअरटेक्निक’. मराठीत म्हणायचं तर कुलूपविद्येचे खेळगडी. जर्मन माणूस चार जण जमून पत्ते कुटायला लागला तरी घटना लिहितो, खजिनदार नेमतो आणि वार्षिक सभा घेतो. इथेही तसंच. शहराशहरांत गट आहेत, स्पर्धा होतात, निकाल लागतात.

मी त्यांच्या हॅम्बर्गच्या गटात पहिल्यांदा गेले तेव्हा लिफ्ट नसलेल्या इमारतीतली एक खोली, लांब टेबल, त्यावर टेबलदिवे आणि बिअरच्या बाटल्यांमध्ये पसरलेली शंभरेक कुलपं. टेबलाला कडेने लहान शेगडे, म्हणजे वस्तू घट्ट धरणारे व्हाइस लावलेले, त्यांत कुलपांचे सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते ते गोल भाग, पकडलेले. दहा-बारा जण. बोलणं जवळजवळ नाही. एखाद्या सराफाच्या मागच्या खोलीत आल्यासारखं वाटलं, फक्त सोनं नव्हतं.

सुरुवातीलाच दोन नियम सांगितले. जगभरातले हौशी लोक हेच दोन पाळतात. जे कुलूप आपलं नाही, त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आणि जे वापरात आहे ते आपलं असलं तरी त्याच्या वाटेला जायचं नाही. पहिला नियम कोणालाही पटतो. दुसरा मला तेव्हा अतिरेकी वाटला. त्या नियमामागचं कारण साधं आहे: हत्यारं घालून घालून कुलूप आतून बिघडू शकतं, आणि मग गाऊनवर जिन्यात उभं राहायची पाळी पुन्हा येते.

माझ्या शेजारी बसायचे ते गृहस्थ बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं हजारो कंटेनर उचलले, आता पाव मिलिमीटर उचलतात. ऑफिसात, बँकेत, शेजारी, सगळीकडे मी ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’च्या अदबीत अडकलेली. इथे पहिल्या मिनिटाला सगळे ‘डू’. सत्तरीच्या माणसाला ‘अरे’ म्हणताना माझी जीभ अडखळायची. मी क्रियापद एकवचनी वापरायचे आणि मनातल्या मनात ‘अहो’ जोडायचे.

त्यांनी मला दोन हत्यारं दिली. एक पोलादी आकडा, टोकाला किंचित वळलेला. दुसरी काटकोनात वाकवलेली पट्टी, तिला जर्मनमध्ये म्हणतात ‘श्पानर’. घरी येऊन शब्दकोशात पाहिलं तर श्पानरचा बोलीतला दुसरा अर्थ निघाला: दुसऱ्याच्या खिडकीत चोरून डोकावणारा माणूस. पुढे काही आठवडे मी तो शब्द ऑफिसात चुकूनही उच्चारला नाही.

*

आपल्या लॅचमध्ये किंवा इथल्या दारात असतं ते पिनांचं कुलूप. त्याची कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी, आणि आजचं सुटसुटीत रूप अमेरिकेतल्या लायनस येल यांनी १८६०च्या दशकात पक्कं केलं. वडील आणि मुलगा दोघांचंही नाव लायनस येल. इथे मुलगा.

आत एक गोल गाभा असतो, तो बाहेरच्या घरात फिरतो. गाभ्याला वरून पाच किंवा सहा भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. दोन पिनांमधला सांधा प्रत्येक भोकात वेगळ्या उंचीवर. किल्ली घातली की तिचे दाते प्रत्येक जोडीला नेमकं उचलतात, सगळे सांधे एका रेषेत येतात, आणि गाभा फिरतो. बस्स, एवढंच. माझ्या आजवरच्या सगळ्या घरांच्या सुरक्षिततेचं हे एवढंसं रहस्य.

खरी गंमत पुढेच आहे. ही पाचही भोकं कागदावर एका सरळ रेषेत असतात. प्रत्यक्षात नसतात. कुठल्याच कारखान्यातलं यंत्र त्यांना अगदी तंतोतंत एका ओळीत पाडू शकत नाही. केसाच्या अंशाइतका फरक राहतोच. म्हणून पट्टीने गाभ्याला फिरायचा अगदी हलका ताण दिला, तर पाचही पिना एकदम अडकत नाहीत. एकच अडकते. ती कोणती हे आकड्याने एकेकीला चाचपून शोधायचं, तिला हळूच उचलायचं. सांधा रेषेवर आला की टिक. गाभा जाणवेल न जाणवेल इतका सरकतो आणि आता दुसरीच कोणीतरी अडकते. म्हणजे कुलूप उघडतं ते आपल्या हुशारीने कमी आणि ते घडवताना राहून गेलेल्या चुकीने जास्त. चूक शोधायची, आणि ती सापडली की तिच्याशी अदबीने वागायचं.

ऐकायला सोपं. मी पहिले तीन आठवडे एकही उघडू शकले नाही. माझ्या बोटांना वळ पडायचे. क्रेनवाले काका माझ्या हाताकडे बघून एकच वाक्य म्हणायचे: "वेनिगर श्पानुंग." टेन्शन कमी. मी हसायचे, त्यांना कळायचं नाही का. मुंबईत लोकलला लटकून वाढलेल्या, जर्मनीत व्हिसाच्या तारखा मोजत जगणाऱ्या बाईला एक परका म्हातारा दर मंगळवारी सांगतोय, टेन्शन कमी घे.

पण तो शब्द तिथे उपमेचा नव्हता, मोजमापाचा होता. जोर जास्त दिला की सगळ्याच पिना घट्ट होतात आणि कुलूप मुकं होतं. काहीच सांगत नाही. जोर इतका कमी करायचा की हाताचं वजनही जाणवू नये, तेव्हा ते बोलायला लागतं. चौथ्या मंगळवारी मी वैतागून पट्टीवरचं बोट जवळजवळ उचललंच होतं, आणि तेव्हा पहिल्यांदा टिक ऐकली. ऐकली म्हणजे कानाने नाही. नखाच्या मुळाशी. मग दुसरी. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. शेवटची कुठली होती ते आठवत नाही, कारण गाभा फिरला आणि मी मराठीत किंचाळले. टेबलावरच्या एकानेही मान वर केली नाही. दोघा-तिघांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं. जर्मन विद्यापीठात व्याख्यान संपल्यावर करतात, तशी दाद.

परदेशातल्या पहिल्या वर्षांत मला सगळ्यात जास्त थकवा यायचा तो ऐकण्याचा. समोरचा बोलतो, त्यातलं साठ टक्के कळतं, उरलेलं चेहऱ्यावरून ओढून काढायचं. मीटिंगमध्ये सगळे हसले की अर्ध्या सेकंदाने आपण हसायचं. त्या टेबलावर असं काही नव्हतं. कुलूप कुठल्याही भाषेत बोलत नाही आणि जे बोलतं त्यात शिष्टाचार नसतो. अडकलं म्हणजे अडकलं.

नाही, तेही पूर्ण खरं नाही. कुलपंही फसवतात. चांगल्या कुलपात काही पिना सरळ दांड्यासारख्या नसतात, कमरेत बारीक असतात, हुबेहूब डमरू. तुम्ही चार पिना बसवता, गाभा एकदम चांगला ठसठशीत फिरतो, वाटतं झालंच. आणि थांबतो. डमरूची कंबर रेषेत अडकलेली असते. उघडल्याचा भास, उघडलेलं नाही. अशा वेळी पुढे रेटलं तर काही होत नाही. ताण सैल सोडून गाभ्याला मुद्दाम मागे जाऊ द्यावं लागतं, कमावलेल्या पिना निसटतील हे माहीत असताना. मला हे जमायला सहा महिने लागले. अजूनही दहातल्या सात वेळा मी घाबरून रेटते.

*

दरम्यान घरात कुलपं साठली. फ्लोमार्क्ट म्हणजे जुन्या बाजारात किल्ली हरवलेली कुलपं पोत्याने मिळतात, किल्ली नाही म्हणून स्वस्त. बहुतेक आबुसची. ही कंपनी १९२४ची, रूर भागातली. नाव मूळ मालकाच्या आणि मुलांच्या आद्याक्षरांवरून. काही सिलिंडर, एक फिनलंडचं आबलॉय. त्यात स्प्रिंगच नसते, पिनांऐवजी फिरत्या चकत्या असतात. ते अजून खणात पडून आहे, आणि मी त्याच्याकडे बघत नाही. एकदा स्पर्धेलाही बसले. वेळ संपेपर्यंत माझं एकही उघडलं नाही. माझ्याकडून पुढे गेलेलं कुलूप शेजारच्या पोरसवदा मुलाने मी मान वळवेपर्यंत उघडलं.

श्लॉस. जर्मनमध्ये कुलपालाही हाच शब्द आणि राजवाड्यालाही हाच. पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याने "शनिवारी श्लॉस बघायला जाऊ" म्हटलं, तेव्हा माझ्या मनात बगीचा वगैरे आलाच नाही, कुलूपच आलं. आपल्याकडेही किल्ला आणि किल्ली कानाला मायलेकीच वाटतात, व्युत्पत्तीवाले काहीही म्हणोत. गडकिल्ल्यांच्या मुलखातल्या लेकीला तरी यात नवल वाटायला नको.

ऑफिसातल्या एका पुणेकर सहकाऱ्याला सांगितलं तर त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "व्हिसा-बिसाचं बघ हं." जर्मनीत ही हत्यारं बाळगणं गुन्हा नाही, हे त्याला समजावून सांगितलं. जपानमध्ये मात्र २००३पासून सबळ कारणाशिवाय ती जवळ बाळगता येत नाहीत. "मग जपानला जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि विषय मिटला.

आईला सांगणं अवघड होतं.

"कुलपं उघडतेस म्हणजे? कोणाची?"

"माझीच गं. विकत घेते."

"विकत घेऊन किल्ली हरवतेस?"

"नाही, किल्ली नसलेलीच घेते."

फोनवर शांतता. मग लांबून, म्हणजे स्वयंपाकघरातून आई बाबांना सांगतेय ते ऐकू आलं: "अहो, ती चोरीचे धंदे शिकत्येय तिकडे." मग बाबा फोनवर आले. त्यांनी खोकून घसा साफ केला आणि गंभीरपणे विचारलं, "सहा लिव्हरचं येतं का?"

बाबांचं आणि कुलपांचं नातं सांगायला हवं. आम्ही दर मे महिन्यात आणि गणपतीला डोंबिवलीहून लांज्याजवळच्या आमच्या घरी जायचो. निघताना बाबा कुलूप लावायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि कुलूप ओढून बघायचे. दोनदा. जिना उतरून खाली गेलो की थांबायचे. "कुलूप ओढून बघितलं का मी?" आई म्हणायची, बघितलंत. ते पुन्हा वर जायचे. एसटीच्या रांगेत उभे असतानाही त्यांचा उजवा हात हवेत नसलेलं कुलूप ओढत असायचा. मी हे बघून चिडत चिडत मोठी झाले. हॅम्बर्गमध्ये त्या नोव्हेंबरनंतर दार लावून जिना उतरल्यावर मी पुन्हा वर जाते. ओढायला काहीच नसतं, गोल मूठ असते. ती ओढते.

लिव्हरचं कुलूप वेगळ्या घराण्यातलं. पिना नसतात, आत पितळी पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीला खाच, सगळ्या नेमक्या उंचीवर आल्या की बोल्ट सरकतो. इंग्लंडमध्ये १८१८ साली जेरेमाया चब यांनी या जातीतलं एक चुगलखोर कुलूप केलं. कोणी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली की ते अडकून बसायचं, आणि मालकाने आपली किल्ली घातली की त्याला कळायचं, मागे कोणीतरी येऊन गेलंय. लोकांना ते अभेद्य वाटायचं. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्याने साक्षीदारांसमोर ते सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. मग तो पिकॅडिलीतल्या ब्रामा या कुलूपवाल्यांच्या दुकानाकडे वळला. तिथे काचेमागे साठ वर्षं एक कुलूप आव्हान म्हणून ठेवलेलं होतं, उघडेल त्याला २०० गिनी. हॉब्जला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. लोकांना हॉब्जचा विजय आवडतो. मला ते सोळा दिवस आवडतात. रोज सकाळी उठून काल जिथे होतो तिथेच जाऊन बसायचं.

आपल्याकडची जुनी कुलपं याच लिव्हरच्या कुळातली. वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली. अलीगढची, दिंडीगुलची कुलपं तर बाजाराबाजारांत. आमच्या गावच्या घराला आहे तेही पितळी, सहा लिव्हरचं, तळहाताएवढं. आणि ते कडी-कोयंड्यात लटकतं. बाहेर, सगळ्यांना दिसेल असं.

याचा विचार मी हॅम्बर्गला जाईपर्यंत कधी केला नव्हता. इथल्या दाराकडे बघून कोणाला काही कळत नाही. माणूस आत आहे, कामावर आहे, की चार महिने गेला आहे? दार सारखंच दिसतं. शेजारच्या आजी एकदा तीन आठवडे इस्पितळात होत्या, त्या परत आल्यावर मला समजलं. आपल्याकडे कुलूप लांबून बोलतं. वाटेने जाणारा बघतो आणि म्हणतो, "अरे, घराला कुलूप आहे. गेली वाटतं मंडळी." पोस्टमन पत्र शेजारी देतो. दूधवाला थांबत नाही. कोकणात तर पावसाळ्याआधी वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की कोणाचं कोण मुंबईला, कोणाचं कोण देवाघरी, सगळं कुलपं वाचून कळतं. आमचं घर तीन पावसाळे असंच वाचलं जात होतं. बाबांच्या गुडघ्यांनी एसटी सोडली तेव्हापासून.

*

गेल्या गणपतीच्या आधी मी एकटी गेले, साफसफाईला. आकडे-पट्ट्या हॅम्बर्गलाच ठेवल्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या १२२व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सबळ कारणाशिवाय घरफोडीची हत्यारं जवळ सापडली तर शिक्षेची सोय केलेली आहे, आणि रात्रीच्या कोकण रेल्वेत तिकीट तपासनिसाला ‘छंद’ हे कारण समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. शिवाय किल्ली होती. डोंबिवलीच्या खिळ्यावरची, लाल नाड्यात ओवलेली, बाबांनी ‘गाव’ असं लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी लावलेली.

पाऊस नुकता थांबला होता. पडवीच्या पायरीवर शेवाळ. पितळ हिरवं पडलेलं. किल्ली आत गेली, पाव वळली आणि थांबली.

मी पायरीवर बसले. खरं सांगते, मला आनंद झाला. वर्षभराची तालीम, आणि हा समोर खरा गडी. खोबरेल घातलं. किल्ली मागे घेतली, पुन्हा हलकेच पुढे. टेन्शन कमी. दोन पट्ट्या उचलल्याचं बोटांना कळत होतं, तिसरी गंजाने धरलेली. वीस मिनिटं गेली असतील. मी डोळे मिटून घेतले, तिथल्या टेबलावर मिटायचे तसे. माझा श्वास आणि पागोळ्यांचं पाणी, एवढेच आवाज.

डोळे उघडले तेव्हा खालच्या घरातल्या काकू अंगणात उभ्या होत्या. हातात कोयती, कमरेला खोचलेला पदर. केव्हापासून बघत होत्या कोण जाणे.

"काय गो करतेस?"

"कुलूप अडकलंय काकू. उघडतेय."

"कुलूप कशाला उघडतेस?" त्या वर आल्या, मला खांद्याने बाजूला सारलं, कुलूप मुठीत धरून चौकटीपासून किंचित वर उचललं आणि आपल्याकडे ओढलं. जुन्या सागाच्या भोकातून अख्खा कोयंडा दोन्ही पायांसकट अलगद बाहेर आला. कडी, कोयंडा आणि त्यात अजूनही घट्ट बंद असलेलं सहा लिव्हरचं कुलूप, असा सगळा झुपका दारावर लोंबायला लागला. दार करकरलं.

आत जमीन सारवलेली नव्हती, पण झाडलेली होती. माजघरात कोपऱ्यात आमचंच मोठं पातेलं, त्यात बोटभर पाणी. वर कौलांची एक ओळ इतरांपेक्षा लाल.

"पहिल्याच पावसात गळायला लागलं," काकू म्हणाल्या. "मी पातेलं लावते. ह्यांनी वैशाखात तेवढ्यापुरतं शाकारून घेतलं. तरी येतं थोडं."

"म्हणजे तुम्ही तीन वर्षं...? सांगितलं नाहीत कधी."

"सांगायचं काय त्यात? कुलूप आहे की जाग्यावर."

त्या पातेलं उचलून परसात ओतायला गेल्या. मी दारात उभी राहून त्या कोयंड्याकडे बघत होते. त्याचे दोन पाय वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. चौकटीतली भोकं इतकी सरावलेली, की कोयंडा परत आत सरकवताना कसला आवाजही आला नाही.

संध्याकाळी काकूंकडे भाकरी खाऊन मी रात्रीपुरती त्यांच्याच ओटीवर झोपायला निघाले, कारण घरात दिवा नव्हता. वाटेत बाबांचा फोन आला. पाऊस आहे का, विहिरीला पाणी किती, फणसाचं झाड आहे ना. मग घसा साफ केला.

"कुलूप ओढून बघितलंस का?"

"बघितलं, बाबा."

खरंच बघितलं होतं. दोन बोटांनी, अगदी कमी टेन्शन देऊन.